तरफेला बांधलेली तार

जलशुद्धीकरण केंद्रात तिला सगळे ‘मिरची’ म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. यंत्रांचे आराखडे काढणं हे तिचं काम. केंद्राचा प्रमुख तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं.

वाळूचा फिल्टर धुतला की मोकळी झालेली वाळू पाणी भसाभस खाली सोडायची. वरचं पाणी संपून वाळू उघडी पडायची आणि गढूळ पाणी थेट शहराच्या नळांना जायचं. विजेवरच्या झडपा कायमच्याच आजारी. म्हणून तिने साधी युक्ती काढली. फिल्टरमधल्या पाण्यावर तरंगणारा बंद डबा, त्याला लांब तरफ आणि तरफेला जोडलेली खालच्या पाइपातली झडप. पाणी उतरलं की झडप मिटणार, चढलं की उघडणार.

“आमच्या मेहुणीने संडासाच्या टाकीतला गोळा आणलाय,” साहेब सगळ्यांदेखत म्हणाला आणि मुद्दाम सर्वांत खोडकर फिल्टर तिच्या गळ्यात मारला.

पहिल्याच दिवशी डबा लाटांवर नाचला, झडप थाडथाड आपटली. तिचं पुरतं हसं झालं. तिने दात-ओठ खात डब्याभोवती उभा पाइप बसवला आणि पाइपाच्या तळाशी बारीक भोक ठेवलं. आतलं पाणी सावकाश चढू-उतरू लागलं. डबा शहाण्यासारखा वागू लागला.

मग एका सकाळी वाळू पुन्हा कोरडी. तरफ तारेने करकचून आवळलेली, झडप सताड उघडी.

तिने तार कापली आणि दुपारी तडक बहिणीचं घर गाठलं. साहेब जेवत होता.

“भावोजी, तार तुम्ही बांधलीत?”

“बांधली. वरून फोनवर फोन येत होते. लोकांना पाणी हवंय, तुझी अक्कल नकोय.”

“अगं, त्यांना जेवू तरी दे,” बहीण म्हणाली.

“जेवू देत की. आधी हे पिऊ देत.” तिने नळ सोडून पेला भरला आणि ताटाशी आदळला. पाणी मातकट होतं. त्याने पेल्याला हात लावला नाही.

बहिणीने मुलांसाठी भरलेला तांब्या गुपचूप ओतून दिला. मग दार उघडून म्हणाली, “माझ्या घरात माझ्या नवऱ्याला पुन्हा असं बोलायला येऊ नकोस.”

“नाही येणार.”

तिने तरफेवर लोखंडी पेटी ठोकून कुलूप घातलं. पुढे सगळ्याच फिल्टरांवर तिचे डबे बसले. साहेब मंजुरीची सही करतो, पण कागद शिपायाच्या हाती धाडतो. भाचरं रस्त्यात दिसली तर तीच पलीकडून जाते. माफी मागायचं तिच्या मनात अजून एकदाही आलेलं नाही.