मुलीच्या बाजेची वीण

इकडे हिंदी मुलखात, अधारतालच्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, समोरच्या घरातले काकाच विणून देतात. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांच्या हातात सुताची दोरी असते आणि तोंडात 'वीण' हा शब्द. शेजारच्या सासू-सुना भांडल्या की म्हणतात, "वीण लई कसली, थोडी ढील द्या." माझं मराठी हिंदीत घसरलं की, "बेटा, तुझी वीण उसवून राहिली." गल्लीतलं आणखी एक पोरगं नोकरीला बाहेर गेलं, तेव्हा हळूच म्हणाले, "वीण विरळ झाली बाप्पा."

त्यांच्या अंगणात दोन बाजा आहेत. एक त्यांची. दुसरी मुलीची, ती लग्न होऊन बंगलोरला गेली. "दिवाळीले येऊन राहिली," असं ते दरवर्षी सांगतात. पूर्वी ती झोपून उठली की बाज सैल पडायची, आणि काका पायथ्याची दोरी ओढून ती पुन्हा कसायचे.

परवा सकाळी मी दूध घेऊन येत होतो, तर काका तिचीच बाज कसत होते.

"काहून काका? हिच्यावर तर कोणी झोपतच नाही. सैल कशी झाली?"

"झोपल्याशिवाय कुठं सैल होते?" ते दोरी ओढत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "रात्री मीच ढिली करून ठेवतो. सकाळी कसायले बसलो की वाटते, पोरगी आत्ताच उठून आत गेली."