वारा जाणारं कापड

सोलापुरात माझ्या मामीइतकं कापड कुणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. टॉवेलच्या कारखान्यात तिनं उभी हयात काढली, त्यामुळे कापडाला लावलेल्या चिठ्ठीवर छापलेल्या मजकुराला तिच्या लेखी काही किंमत नव्हती. कापड तोंडासमोर धरायचं, मागे तळहात ठेवायचा आणि फुंकर मारायची. हाताला वारा लागला तर कापड पास. पाहुण्यांनी आहेर केलेली साडीही तिनं त्यांच्यासमोरच अशी तपासली होती आणि "दाराला पडदा लई झ्याक हुईल," एवढंच म्हणाली होती.

मी मोडनिंबहून कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाची परीक्षा ऐन एप्रिलात होती आणि मी उभ्यानं अभ्यास करत होते. बसलं की झोप येते, असं सांगायचे. खरं कारण होतं जांघेत उठलेलं पुरळ. पहिल्या पेपरला मी तासाभरातच उठून आले होते आणि अजून चार पेपर बाकी होते. मामीनं दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी दोरीवरच्या परकराखाली मी लपवून वाळत घातलेली निकर तिनं ओढून काढली आणि फुंकर मारली.

"ह्यातनं वाराच जात न्हाय. पेपर बुडाला तरी चालंल, पर तोंडानं सांगायचं न्हाय, व्हय गं?"

आधी तिनं मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि तिथून सात रस्ता चौकाजवळच्या आतल्या कपड्यांच्या दुकानात. अशा दुकानात मी तोवर "द्या कुठलीपण" म्हणून पुडी पिशवीत कोंबत असे. मामीनं काउंटरवर सुती निकरा मांडल्या आणि एकेकीतून फुंकर मारायला लागली. दुकानदार घड्याळाकडे बघू लागला.

"मावशी, सगळ्या सारख्याच हायत."

"तुमी घालून बघितल्या व्हय? आन् ह्या काळ्या नकोत, फिक्या द्या. पोरीला काय झालं तर दिसाय पायजे की. एक नंबर मोठी द्या, कंबरंला वळ उठतोय."

घरी आल्यावर त्या धुऊन तिनं भर उन्हात, गल्लीकडच्या दोरीवर वाळत घातल्या. मामा चहाचा कप घेऊन आत गेले. उरलेले चारही पेपर मी पूर्ण तीन तास बसून लिहिले.

आता मी शिक्षिका आहे आणि मामीचे कपडे मीच आणते. कारखान्यातल्या तंतूंनी तिची छाती धरली आहे. चार पायऱ्या चढल्या तरी दम लागतो. परवा नव्या निकरा दिल्या, तर तिनं सवयीनं एक तोंडासमोर धरली. फुंकर ओठांतच विरली.

"वारा जात न्हाय," ती म्हणाली. "फसवलं तुला."

"बदलून आणते," म्हणत मी जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि त्याच घेऊन परत आले. या वेळी तिचा तळहात मागे धरून फुंकर मी मारली.

"हां," मामी म्हणाली, "आता जातोय की."