शिरस्तेदाराची सही

आमचे शिरस्तेदार काका कुठल्याही कागदावर न वाचता सही करत नसत. कुरिअरची पावती असो नाहीतर इकाम्याचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, अर्ज, चष्मा पुसून, ओळीवर बोट ठेवून ते अरबी मजकूर शेवटपर्यंत वाचणार. फरवानिया भागातल्या त्यांच्या जिन्यात कुरिअरवाला "यल्ला बाबा, यल्ला" करत ताटकळायचा. "असू दे घाई," काका म्हणायचे, "सही गेली की परत येत नाही." मला हसू यायचं. कुवेतमध्ये आम्ही सगळेच समोरचा बोट दाखवील तिथे सही ठोकतो आणि मोकळे होतो.

तसे ते आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. शिरस्तेदार हे नाव मी ठेवलं, कारण कित्येक वर्षं ते एका शिरस्तेदारावर, म्हणजे जुन्या कचेरीतल्या मुख्य कारकुनावर, कादंबरी लिहीत होते. एक्स-रे कॉम्प्युटरवर गेले आणि जुन्या खाकी पाकिटांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. त्या पाकिटांच्या पाठीवर काका मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचे. शुक्रवारी सकाळी आमच्याकडे पोहे खायला येताना नवं पाकीट आणायचे आणि मला अन् माझ्या नवऱ्याला वाचून दाखवायचे. सहा वर्षं हा नेम चालला.

गोष्ट त्यांच्या शहाद्याकडची. सातपुड्याच्या पायथ्याला कंपनी सरकारचं नवं ठाणं, आणि वर डोंगर, जिथे सरकारचा हुकूम अजून पोचलेला नाही. ठाण्याचा खजिना लुटला जातो. साहेबाला आरोपी हवा असतो, आणि खेत्या नावाचा भिल्ल पहारेकरी आयताच सापडतो. कचेरीतला मराठी शिरस्तेदार साहेबाने पुढे केलेल्या इंग्रजी जबाबावर न वाचता सही करतो, आणि त्या सहीवर खेत्याला फाशी ठरते.

इथे कादंबरी अडली ती दोन वर्षं. खेत्या कोठडीत आणि इकडे माझा जीव टांगणीला. मी लातूरची, मला कुठला दम निघतोय! "अहो काका, सोडवा की त्याला. लेखणी तुमच्याच हातात आहे ना?"

"दोनदा सोडवला गं पोरी. सकाळी वाचलं की खोटं वाटतं. एखाद्याच्या नशिबातच नसतं."

"नशीब कसलं बोडक्याचं! सही शिरस्तेदाराने केली, नशिबाने नाही!"

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. मान खाली घालूनच त्यांनी सगळं सांगितलं.

वीसेक वर्षांपूर्वी ते इथल्याच दुसऱ्या एका दवाखान्यात होते. तिथे राजय्या नावाचा तेलंगणाचा सफाई कामगार होता. औषधांच्या कपाटातून इंजेक्शनं गेली. मुदीरने, म्हणजे तिथल्या मोठ्या साहेबाने, एक अरबी कागद काकांपुढे सरकवला. ड्युटीचा असेल म्हणून काकांनी सही केली. त्यात लिहिलं होतं की राजय्याला कपाट उघडताना आपण पाहिलं. राजय्याला पकडून नेल्यावर एका इजिप्शियन नर्सने त्यांना हे सांगितलं. तेव्हा राजय्या मायदेशी पाठवायच्या कोठडीत होता. विमानात बसवायला सहा दिवस होते.

"सहा दिवस होते गं माझ्याकडे. पण इकामा गेला असता. ही सातव्या महिन्यात होती. नाही बोललो." त्यानंतर ते अरबी वाचायला शिकले.

मी त्यांची समजूत घालायला हवी होती. पण माझी जीभ! "मग अजून काय बघताय? शोधा त्याला. सांगा!" मी म्हणाले. पुढचे दोन शुक्रवार काका आले नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी आले ते रिकाम्या हातांनी. "शोध," एवढंच बोलले. आमच्या वॉर्डातली सफाईवाली राजय्याच्याच जिल्ह्यातली. गावाकडे विचारून विचारून तिने महिन्याभरात नंबर आणला.

फोन आमच्या घरूनच लावला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पलीकडे राजय्याची बायको होती.

"वो तो गुजर गए. चार साल हो गए. आप कौन?"

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "मैं उनके साथ काम करता था, बहनजी. कुवेत में. उन्होंने चोरी नहीं की थी. मेरे साइन से…"

ती म्हणाली, "चोरी नहीं की, वो तो हमको मालूम है. आखिर तक एकीच बात पूछते थे, उधर किसी ने बोला क्यों नहीं." आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी पोहे कोणीच खाल्ले नाहीत. मी मनात हिशोब मांडत बसले. आमच्या शुक्रवारांची पहिली दोन वर्षं राजय्या जिवंत होता. तेव्हा मी गुमान पोह्यांवर लिंबू पिळत गोष्ट ऐकत होते. मला काही ठाऊक नव्हतं हे खरं, पण तोंड चालवायचं तर तेव्हा चालवायला हवं होतं, हे काही केल्या मनातून जात नाही.

पुढच्या शुक्रवारी मी हळूच विचारलं, "खेत्याचं काय केलंत?"

"दिली फाशी," काका म्हणाले. मी वाद घातला नाही.

त्या वर्षी ते रिटायर होऊन शहाद्याला गेले, आणि वर्षाच्या आतच वारले. त्यांच्या लेकीला मराठी वाचता येत नाही. "आंटी, यू कीप देम," म्हणत तिने पाकिटांचा गठ्ठा माझ्याकडे पाठवला. शेवटच्या पाकिटावर शिरस्तेदार फाशीनंतर डोंगर चढून खेत्याच्या झोपडीपर्यंत जातो. आत खेत्याची बायको असते. तो हाक मारत नाही, दाराबाहेर बसून राहतो. पुढे पाकीट कोरं आहे.

दोन ओळी लिहून त्याला आत न्यावं, असं कितीदा वाटतं. माझं माणूस होतं ते, जीव तुटतो माझा. पण दार तिचं आहे. मी लिहीत नाही.