पाच फुटी गल्ली, वीस फुटी नोटीस

किस्से जमायला जागा कमी लागते. हे माझं ठाम मत आहे, आणि त्यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे! बंगल्यांच्या कॉलनीत जाऊन पाहा. एका घरात काय झालं ते शेजारच्या घराला महिनाभर कळत नाही. मग किस्सा होणार कसा? आमच्या गल्लीत एकजण शिंकला की तीन घरांतून आवाज यायचा, "काढा घेतला का गा?" आता मी मुलाकडे, नागपूरच्या पार बाहेर बेसाला राहतो. फ्लॅट छान आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. पण सहा वर्षांत सांगण्यासारखं काही म्हणजे काही घडलं नाही. काय करायचं असल्या फ्लॅटचं!

आमची तिकोनी विहिरीची गल्ली म्हणजे जुन्या नागपुरातली विणकरांची वस्ती. तोंडाशी सहा फूट रुंद, आमचे सगळ्यात जुने विणकर दशरथकाका यांच्या घरासमोर पाच. दोन्ही हात पसरले की एक हात इकडच्या भिंतीला, दुसरा तिकडच्या. बेचाळीस घरं, आणि एकाची भिंत तीच शेजाऱ्याची. मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, समोर ओटा. प्रत्येक घराच्या समोरच्या खोलीत जमिनीत खणलेला खड्डा आणि खड्ड्यावर माग. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो, खाली पायानं फळ्या दाबतो आणि वर हातानं धोटा फेकतो. आमच्या गल्लीचं नऊवारी लुगडं नेसलेली बाई बाजारात दिसली की माझा बाप थांबून पाहायचा. बाईकडे नाही हो, काठाकडे! आणि घरी येऊन सांगायचा, "आपलं होतं."

तर सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका सकाळी कचेरीची माणसं आली आणि आमच्या बाजूच्या एकवीस घरांवर लाल रेघा मारून गेली. मागोमाग नोटीस! वस्ती दाट आहे, गल्ली अरुंद आहे, वाहन आत जाऊ शकत नाही, म्हणून गल्ली वीस फूट करायची. म्हणजे आमच्या बाजूच्या प्रत्येक घराची समोरची खोली पाडणार. खोली गेली की माग गेला, माग गेला की खायचं काय? दशरथकाकांचं तर घरच दोन खोल्यांचं. समोर माग, मागे चूल.

हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्या, असं नोटिशीत होतं. गल्लीत टायपिंग येणारा मी एकटा. संध्याकाळी सगळे काकांच्या ओट्यावर जमले. मी वही उघडली आणि म्हटलं, "बोला. गल्ली रुंद काहून करू नये? एकेक कारण सांगा."

कारण सांगतील तर शपथ! सगळ्यांनी किस्सेच सुरू केले.

*

पहिली बोलली कौसल्याकाकू, आमची शेजारीण. "लिही, आमचं कपाट!"

तिच्या मोठ्या सुनेला माहेरून लोखंडी कपाट आलं होतं. हातगाडीवरून गल्लीच्या वळणापर्यंत आलं आणि अडकलं. उभं जाईना, आडवं जाईना, तिरपं जाईना. दशरथकाका मागावरून उठून आले, कपाटाकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वरून घ्या!"

लकडगंजच्या वखारीतून फळ्या आणल्या. नऊ घरांच्या कवेलूंवर त्या टाकून आठ माणसांनी कपाट वरच्यावर नेलं. खालून बायका ओरडत होत्या, "आता कोणाच्या डोक्यावर हाय वं?" बरेच कवेलू फुटले, पण कपाट काकूच्या अंगणात उतरलं.

पुढे चार-पाच वर्षांनी काकूच्या दोन्ही मुलांचं वाजलं. मोठा म्हणाला, मी वेगळा निघतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटका भागात खोली पाहिली, हातगाडी बोलावली. बायको म्हणाली, "मी कपाट सोडून येत नाही." मोठा गेला दशरथकाकांकडे, म्हणाला, "काका, कपाट वरून काढू द्या."

काका मान वर न करता म्हणाले, "आणलं तेव्हा लग्नाचं घर होतं, म्हणून आम्ही कवेलू फोडू दिले. भांडणासाठी माह्या घराचा एक कवेलू फुटणार नाही!"

दोघं भाऊ अजून एकत्र जेवतात.

*

मिठाचा किस्सा माझ्या घरचा. माझं नवीन लग्न झालेलं. बायको अमरावतीची, मोकळ्या घरातली. तिला आमच्या भिंतींची कल्पना नव्हती. एक दिवस स्वयंपाक करताना तिनं मला अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, भाजीत मीठ टाकलं का मी?"

मी तोंड उघडायच्या आधी भिंतीपलीकडून कौसल्याकाकू म्हणाली, "दोनदा टाकलं वं! तिसऱ्यांदा नको टाकू!"

बायको दोन दिवस माझ्याशी खाणाखुणांनी बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच भिंतीला तोंड लावून विचारलं, "काकू, पाटोडीच्या रश्श्यात काय काय टाकू?"

*

"आन् माहा चष्मा?" मधुकर म्हणाला. हा दशरथकाकांचा पुतण्या, सायकलच्या दुकानात कामाला.

आमच्या गल्लीत घोडा आत यायचा, पण त्याला वळवता येत नसे. एका टोकानं आत, दुसऱ्या टोकानं बाहेर. त्यामुळे आमच्याकडे नवरदेव एकदा घोड्यावर बसला की माघार नाही! मधुकरची वरात निघाली, बँड वाजून राहिला, आणि अर्ध्या गल्लीत गेल्यावर त्याला आठवलं की चष्मा घरीच राहिला. पुढे बँड, मागे पाहुणे, दोन्हीकडे भिंती! घोड्यावरून ओरडला, "आई, चष्मा!"

घरातून चष्मा निघाला आणि या ओट्यावरून त्या ओट्यावर, या हातातून त्या हातात पुढे सरकत आला. घोडा दहा पावलं गेला नसेल, तोवर चष्मा नवरदेवाच्या नाकावर! आणि वाटेत ज्या-ज्या बाईच्या हाती तो आला, तिनं तिनं पदरानं पुसून पुढे दिला होता.

मधुकर अजून सांगतो, "त्या दिवशी बायको जशी लख्ख दिसली, तशी पुन्हा कधी दिसली नाही!"

*

ताण्याचा किस्सा मात्र गल्लीतल्या प्रत्येकाला सांगायचा होता, सगळे एकदमच बोलू लागले.

लुगड्याचे उभे धागे म्हणजे ताणा. त्याला खळ लावून सकाळी गल्लीभर लांब ताणून वाळवायचा, कमरेइतक्या उंचीवर. तो ओला असेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, हा आमच्या गल्लीचा कायदा. निवडणुकीच्या दिवसांत एक मोठे पुढारी मतं मागायला आले. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात हार, मागे पन्नास माणसं. कार्यकर्ता ओरडला, "अबे, हे दोरे हटवा! साहेब आलेत!"

दशरथकाका हातातला खळीचा कुंचा तसाच धरून म्हणाले, "ओला ताणा हटत नाही जी. खालून या."

पुढारी शहाणे होते. खाली वाकले आणि तसेच वाकून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मागून त्यांचे पन्नासही वाकून! ओट्यांवरच्या म्हाताऱ्या बायांना वाटलं, आपल्या पाया पडून राहिले. त्यांनी एकेकाला भरभरून आशीर्वाद दिले.

त्या वर्षी आमच्या गल्लीची सगळी मतं त्यांनाच पडली. इतका वाकलेला पुढारी आम्ही त्याआधी पाहिलाच नव्हता!

*

शेवटी मी दशरथकाकांना विचारलं, "काका, तुमचं काय लिहू?"

काकांनी ओट्यावरूनच आत मागाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "माग उचलता येते बाप्पा. खड्डा उचलता येत नाही. एवढंच लिही."

मी सगळं टाइप केलं. कपाट, मीठ, चष्मा, ताणा आणि शेवटी काकांचं वाक्य. अकरा पानं झाली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, तेही टाइप केलेलं. "आपले निवेदन वाचनीय आहे. तथापि त्यात हरकतीचे कारण आढळून येत नाही. अधिकारी प्रत्यक्ष जागेवर पाहणी करून निर्णय घेतील."

ते ओट्यावर वाचून दाखवलं तेव्हा कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांचा माग सुरूच झाला नाही. आमच्या गल्लीत मागाची खटखट ही घड्याळासारखी. ती बंद झाली तशी मी भरलं ताट बाजूला सारलं. अकरा पानं लिहूनही मी काकांची खोली वाचवू शकलो नाही, असं वाटून खरंच रडू आलं. बायकोनं ताट झाकून ठेवलं. भिंतीपलीकडून कौसल्याकाकूनं मिठाचंसुद्धा विचारलं नाही.

*

पाहणीचे साहेब आले ते मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता!

नागपूरचा मे, आणि साहेब नाशिककडचे, नुकतेच बदलून आलेले. डोक्यावर ना टोपी, ना दुपट्टा. हातात टेप, मागे दोन माणसं. गल्लीच्या तोंडाशी मोठ्या रस्त्यावर उभं राहून त्यांनी आधी बाहेरूनच मोजमाप सुरू केलं. डांबर वितळून बुटांना चिकटत होतं. पाऊण तास ते उन्हात होते. मग टेप हातातून सुटली, आणि साहेब मटकन खाली बसले ते आडवेच झाले.

"अरे, गाडी बोलवा! दवाखान्याची गाडी!" त्यांचा माणूस ओरडला.

"गाडी येईल तवा येईल. आधी सावलीत घ्या त्याइले!" कौसल्याकाकू त्याच्यावर खेकसली. चौघांनी उचललं. मोठ्या रस्त्यावर सावली औषधाला नव्हती. गल्लीत चार पावलं आत आले आणि वरचं ऊन संपलं. आमच्या दोन्ही बाजूंचे कवेलू वर जवळजवळ एकमेकांना टेकलेले, भर दुपारीही ऊन खाली पोचत नसे.

साहेबांना दशरथकाकांच्या मागावर नेलं. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून काका खड्ड्यात दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचे. माग बंद ठेवला तरी ती सवय काही सुटली नव्हती. काकांनी साहेबांचे बूट काढले, मोजे काढले, काठावर बसवून पाय त्या गार खड्ड्यात सोडले आणि पाठ भिंतीला टेकवली. काकूनं कांदा किसून तळहातांना चोळला, कैरीचं पन्हं चमच्या-चमच्यानं पाजलं. बरोबरच्या माणसानं गाडी आणली, ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पण तोवर साहेबांनी डोळे उघडून "बरं वाटतंय" म्हटलं होतं, आणि तिथंच बसल्या बसल्या त्यांना झोप लागली.

अडीच तास झोपले! सगळी गल्ली चूप. काका बाजूला बसून पंखा हलवत होते.

चार वाजता जागे झाले. इकडं तिकडं पाहिलं. "ही खोली कोणाची?"

"माही जी."

"लाल रेघेत किती जाते?"

"पुरी जाते जी," काका म्हणाले. "तुमी पाय वर नका घेऊ. डोळे अजून लाल हायेत तुमचे."

साहेबांनी पाय खड्ड्यातून अर्धे वर घेतले होते, ते पुन्हा खाली सोडले. कौसल्याकाकूला म्हणाले, "आणखी थोडं पन्हं मिळेल का?" मग माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि फाइल मांडीवर घेऊन लिहिलं. मी मागून वाचलं. "दुपारी बारा ते चार जागेवर पाहणी केली. पाहणी अपूर्ण. पुढील वर्षी मे महिन्यात पुन्हा करावी. तोपर्यंत बांधकाम पाडू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा माग सुरू झाला.

पुढच्या मेमध्ये साहेब आले. त्याच्या पुढच्या मेमध्येही आले. ते रिटायर होईपर्यंत, लागोपाठ अकरा वर्षं, आमच्या गल्लीची पाहणी चालू होती. तिसऱ्या वर्षापासून त्यांनी टेप आणणं बंद केलं. शेवटच्या वर्षी येताना उशी आणली होती!