दोन जावांचं ऊन

धाकटी घरी शिवणकाम करायची. गुडघे दुखायला लागल्यावर तिने मशीनला मोटार बसवली, पण वीज नेमकी ऐन दुपारी जायची आणि अर्धी शिवलेली बाही तशीच सुईखाली अडकून राहायची. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने मग तिच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. "आई, गच्चीवर जा आणि फोन आकाशाकडे धरून गोल फिर. आपल्या छपरावर ऊन किती येतं, सौर पॅनल बसवून उपयोग होईल का, ते तोच सांगेल."

धाकटी गच्चीवर गेली. फोनने आधी दिशा जुळवायला सांगितलं : 'फोन हातात धरून हवेत आठचा आकडा काढा.' तिने मन लावून काढला. फोनने पुन्हा तेच सांगितलं. तिने आणखी मोठा काढला, अगदी खांद्यापासून हात फिरवून.

शेजारच्या उंच गच्चीवर कपडे वाळत घालणारी थोरली जाऊ हे बघत होती. सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघींचं वाजलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद. पुढे दोघींचेही नवरे गेले, तरी अबोला सुटला नव्हता. पण आता थोरलीला राहवेना. ती खो खो हसत सुटली.

"अगं, मराठी आठ काय काढतेस! इंग्रजी काढ, इंग्रजी!"

धाकटीने ओशाळून इंग्रजी आठ काढला. फोनला लगेच दिशा सापडली. पडद्यावर सूर्याच्या वाटेची पिवळी रेघ उमटली आणि बरोबर तिच्यावर थोरलीची पाण्याची टाकी येऊन बसली.

"काय म्हणतोय?"

"तुमची टाकी आड येते, जाऊबाई. दुपारभर सावली."

थोरलीने टाकीकडे वळून पाहिलं. हातातला ओला टॉवेल तिने दोरीवर टाकला.

"मग ये वर. इथे तर पायाला चटके बसतात."

थोरली दार उघडायला खाली आली आणि कितीतरी वर्षांनी धाकटीने तो जिना चढला. वाटेत स्वयंपाकघराच्या दाराला तिनेच शिवून दिलेला पडदा दिसला. विटलेला, कडेला वेड्यावाकड्या टाक्यांनी सांधलेला.

"नवा का नाही घेतला?"

"असू दे. मला कुठे येतं तुझ्यासारखं शिवता," थोरली दुसरीकडे बघत म्हणाली.

धाकटीने जावेचा हात धरला आणि तशाच दोघी वर गेल्या.

टाकीच्या पलीकडे पिवळी रेघ सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोकळी होती. फोन म्हणाला, जागा उत्तम. पॅनल तिथेच बसली, दोघींच्या नावावर. एक वायर थोरलीच्या घरात गेली, दुसरी भिंतीवरून धाकटीच्या मशीनशेजारच्या नव्या बॅटरीपाशी उतरली.

आता आभाळ भरून आलं की थोरली कठड्यावरून वाकून हाक मारते, "ढग आलेत गं! मशीन थांबव, चहा टाकलाय."

धाकटीची बॅटरी भरलेली असते. तरी ती मशीन थांबवते.