बोर्डावरची दशमी

आधीच कबूल करतो. तो बोर्ड मी काकूंसाठी केला असं सगळ्या गल्लीला सांगत होतो, ते खरं नव्हतं. तो मी माझ्या सकाळच्या दोन मिनिटांसाठी केला.

काकू म्हणजे आमच्या शेजारच्या. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं गेलं आहे. मोठं अक्षर कडेने दिसतं, बारीक अजिबात नाही. मुलगा परदेशात. काका जाऊन बरीच वर्षं झाली. महाराष्ट्रातून मागवलेली मराठी दिनदर्शिका त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेली असते, पण तिच्यावरची तिथी मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणून उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या ऑफिसला निघताना मी रोज त्यांच्या दारात थांबून तिथी वाचून दाखवायचो. वर्षानुवर्षं. दोन मिनिटांचं काम, पण काकू त्यात पुढच्या आठवड्याच्या तिथ्याही विचारत, आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे अशा तऱ्हेने बघत असे की आंधळ्यालाही दिसावं.

गल्लीत दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती, निदान काकूंच्या मते नव्हती. उज्जैनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाची ही एक कायमची भानगड आहे. आपला महिना अमावस्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात आपल्याकडे मार्गशीर्ष चालू असतो तेव्हा आजूबाजूला सगळ्यांच्या घरी पौष लागलेला असतो. फरक फक्त महिन्याच्या नावाचा आहे. तिथी दोघांची एकच. हे मला नीट माहीत होतं. पुढे जे घडलं ते अज्ञानातून घडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

तर बोर्ड. हाताच्या तळव्यावर मावेल एवढा एक संगणक मिळतो, एकाच पाटीवर सगळं बसवलेला. सगळ्यांना माहीत असलेल्या कंपनीचा घेतला असता तर ही गोष्टच झाली नसती. मी घेतला त्याच्यासारखा दिसणारा, निम्म्या किमतीचा, ज्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने छापलं होतं. तो एका जुन्या मॉनिटरला जोडला, त्यावर लिनक्स घातलं, आणि तिथी काढणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर फक्त महिना, पक्ष आणि तिथी, वीतभर अक्षरांत. तारीख नाही, वार नाही, वेळ नाही. काकूंना कडेने लख्ख दिसायचं. गल्लीत माझं कौतुक झालं. आठेक महिने सगळं सुरळीत चाललं.

जे सुरळीत चालतं ते माझ्यासारख्या माणसाला बघवत नाही. लिनक्सच्या अनेक तऱ्हा असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात, आणि मी वापरत होतो तिची नवी आवृत्ती आली. काकूंच्या तिथीला नव्या आवृत्तीची गरज होती का? सूर्य-चंद्रांनी काही बदल कळवला नव्हता. पण मला खाज सुटली. डिस्ट्रोच्या साइटवर कोणत्या बोर्डावर ती चालते याचा एक तक्ता असतो. बहुतेक बोर्डांपुढे ‘सपोर्टेड’ असं लिहिलेलं असतं, आणि माझ्यासारख्या गरीब बोर्डांपुढे ‘कम्युनिटी सपोर्टेड’. याचा अर्थ असा की कधीतरी कुणीतरी हा बोर्ड एकदा चालवून पाहिला होता, आणि मग त्याचं लग्न झालं.

एका रविवारी मी बोर्ड घरी आणला, नेटची वायर जोडली आणि नवी आवृत्ती घातली. चित्र आलं, तिथी आली. मार्गशीर्ष वद्य सप्तमी. बरोबर. मी छाती फुगवून बोर्ड काकूंकडे परत बसवला. त्यांच्याकडे वायर नव्हती, आमच्या घरचा वायफाय भिंतीपलीकडे पोचत असे. नव्या आवृत्तीत त्या बोर्डाचं वायफाय चालतच नव्हतं, पण तिथी दिसत होती, म्हणून मी ते तपासलं नाही. बोर्डावर स्वतःचं घड्याळ होतं, छोट्या सेलवर चालणारं. नव्या आवृत्तीला तेही दिसत नव्हतं. ते तर मी तपासायचा विचारही केला नाही.

ज्या बोर्डाला घड्याळ दिसत नाही आणि नेटही मिळत नाही, तो सुरू झाला की शेवटची जी वेळ त्याने टिपून ठेवलेली असते तिथूनच पुढे मोजू लागतो. झोपेतून उठून कालच्याच रात्रीत आहोत असं समजणाऱ्या माणसासारखा. आणि काकू विजेच्या बाबतीत काटेकोर. रात्री दहाला भिंतीवरचं बटण बंद, सकाळी सहाला चालू. रोज आठ तास. तीन रात्रींत एक दिवस मागे. गणिताच्या बाईंच्या घरात.

मंगळवारी सकाळी त्यांनी हाक मारली. अंघोळ-पूजा आटोपून त्या पडद्यासमोर उभ्या होत्या.

“अरे, अष्टमी काल होती ना? आजपण अष्टमीच दाखवतोय हा.”

मी त्यांच्या दारात येऊन बुटाची नाडी बांधत होतो. पंचांगात कधीकधी एक तिथी दोन दिवस येते, तिला वृद्धी म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. माणसाला थोडं ठाऊक असणं फार सोयीचं असतं.

“वृद्धी आहे काकू,” मी म्हणालो.

“असं होय,” त्या म्हणाल्या. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

काका गेले ते मार्गशीर्ष वद्य दशमीला. मुलगा इथे नसल्यामुळे, आणि काकांनाच पुरोहितांची गर्दी आवडत नसल्यामुळे, काकू त्या दिवशी गुरुजींना बोलवत नाहीत. स्वतः सगळा स्वयंपाक करतात, खीर, वडे, भाज्या, गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवतात, आणि कावळा शिवल्यावर मगच जेवतात. वर्षात हे एकच काम असं होतं की जे त्या दुसऱ्या कुणाकडून करवून घेत नसत. त्याच्यासाठी त्यांना फक्त एक गोष्ट हवी असे: दिवस बरोबर पाहिजे.

गुरुवारी सकाळी बोर्डावर दशमी लागली. मी निघत होतो तर काकूंच्या मागच्या दाराशी समोरच्या घरातल्या भाभी उभ्या होत्या. त्यांचा कापडाचा व्यापार, सगळं घर व्रतवैकल्यांत पक्कं.

“काकी, आज तो ग्यारस है,” भाभी म्हणत होत्या, “और आप वडे तल रही हो?”

“तुम्हारी होगी,” काकू म्हणाल्या. “हमारा महीना अलग चलता है.”

“महीना अलग है काकी, ग्यारस तो सबकी एक ही रहती है ना.”

काकूंनी हातातला झारा खाली केला. मग परसातल्या ठेंगण्या भिंतीवरून माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, “ऐक रे. ही म्हणते एकादशी आहे. जरा सोचून सांग, आज दशमीच ना?”

माझ्या खिशात मोबाइल होता. दहा सेकंदांत कळलं असतं. पण मोबाइल काढायचा म्हणजे माझ्या बोर्डावर मलाच शंका आहे हे भाभींसमोर कबूल करायचं. शिवाय आठ पस्तीस झाले होते.

“त्यांचं पंचांग वेगळं, काकू,” मी म्हणालो. “आपलं बरोबर आहे.”

भाभींनी माझ्याकडे बघितलं. “भैया, आप पढ़े-लिखे हो,” एवढंच म्हणून त्या गेल्या. टोमणा होता की नाही हे मला ऑफिसपर्यंत कळलं नाही. दुपारी मात्र कळलं. टावर चौकात चहा प्यायला गेलो तर नमकीनच्या दुकानाबाहेर खडूने लिहिलेली पाटी: आज ग्यारस, फरियाली मिक्स्चर ताज़ा. शेजारी उभा असलेला माणूस कुणाला तरी फोनवर सांगत होता की आज माझा उपास आहे, चहाच घेतो. मी मोबाइल काढला. मग हातातला चहा प्यायलो नाही.

संध्याकाळी काकू दारातच होत्या, प्रसन्न.

“या वर्षी पान ठेवलं आणि मी वळले नाही तोच शिवला बघ. मागच्या वर्षी दीड तास बसवलंन होतं.”

कावळ्यालाही त्या दिवशी तिथी माहीत नव्हती. मी म्हणालो, “छान झालं,” आणि पुढे म्हणालो, “बोर्ड जरा नेतो काकू, अपडेट करायचाय.” दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, काकूंनी एकादशीचा उपास केला. दशमीनंतर एकादशी येते, त्याला बोर्ड कशाला लागतो? मला वाटीत साबुदाण्याची खिचडी आणून दिली. मी खाल्ली.

तिथी चुकली तर त्याच पक्षातल्या अमावस्येला श्राद्ध करता येतं. म्हणजे मला सोमवारपर्यंत मुदत होती. काकूंना रविवारपर्यंत सांगायलाच हवं होतं. आणि मी काय केलं, तर शुक्रवार आणि शनिवार दोषी शोधण्यात घालवले.

फोरमवर गेलो. असल्या बोर्डांचे फोरम म्हणजे एक वेगळंच तीर्थक्षेत्र असतं. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी तुमचाच प्रश्न विचारलेला असतो, आणि खाली त्यानेच लिहिलेलं असतं: ‘सुटला, धन्यवाद.’ कसा सुटला ते नाही. दुसरा म्हणतो, माझ्याकडे तर चालतंय. तिसरा विचारतो, तुम्ही हा बोर्ड घेतलाच कशाला? बायकोनेही नेमकं हेच विचारलं होतं, त्यामुळे मी चिडलो. इंग्रजीत एक लांबलचक मजकूर लिहिला. त्यात ‘वयोवृद्ध स्त्री’ होती, ‘धार्मिक भावना’ होत्या, ‘जबाबदारी’ हा शब्द तीनदा होता. शेवटी लिहिलं: कोणत्या महाशयांनी काही न तपासता नव्या आवृत्तीच्या तक्त्यात या बोर्डापुढे ‘चालतं’ अशी हिरवी खूण केली, ते कळेल काय?

तासाभरात उत्तर आलं. बाहेरच्या कुठल्याशा देशातला माणूस, भाषा अगदी सभ्य. ‘तक्त्याचा इतिहास पाहिला. ही खूण गेल्या रविवारी तुमच्याच खात्यावरून झाली आहे. शेऱ्यात तुम्ही लिहिलं आहे: उत्तम चालतं.’

लिहिलं होतं खरं. चित्र दिसल्याबरोबर, बोर्ड काकूंकडे नेण्याच्याही आधी, कौतुकाच्या भरात. जगातला त्या बोर्डाचा तो लग्न झालेला माणूस मीच निघालो.

त्याच सभ्य माणसाने पुढे उपायही सांगितला. बोर्डावर काय काय जोडलेलं आहे याची एक यादी लिनक्सला द्यावी लागते, त्या यादीत नसलेली वस्तू लिनक्सच्या लेखी जन्मलेलीच नसते. नव्या आवृत्तीच्या यादीत घड्याळाच्या चार ओळी राहून गेल्या होत्या. शनिवारी दुपारी मी त्या घातल्या. घड्याळ दिसू लागलं. नेटची वायर काढून, बटण बंद करून, तासाभराने चालू करून पाहिलं: वेळ बरोबर, त्रयोदशी बरोबर. मला इतका आनंद झाला की क्षणभर वाटलं, संपलं प्रकरण. बोर्ड नेऊन बसवायचा, कुणाला काही कळणार नाही. कावळा तर शिवलाच आहे.

हे मी बायकोला बोलून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “चार ओळी नेटवर सापडल्या ना? आता शेजारी जाऊन एक ओळ सांगून या.”

रविवारी संध्याकाळी गेलो. बोर्ड काखेत घेऊन गेलो, एवढी लाज माझ्यात उरली होती म्हणायची. काकू पलंगावर बसल्या होत्या. मी सुरुवात केली. नवी आवृत्ती, वायफाय, यादीतल्या चार ओळी, दर रात्री आठ तास. काकूंनी मध्येच हात वर केला, वर्गात करत असतील तसा.

“तीन रात्रींत एक दिवस,” त्या म्हणाल्या. “म्हणजे गुरुवारी एकादशी होती.”

“हो.”

“ती बरोबर सांगत होती.”

“हो काकू. उद्या अमावस्या आहे, तेव्हा करता येईल. बोर्डाचं घड्याळ...”

“बोर्डाचं नको सांगू. मी बोर्डाला विचारलं नव्हतं.” त्या शांतपणे बोलत होत्या, त्यामुळे जास्त लागलं. “मी तुला विचारलं होतं. दोन वेळा.”

त्या उठल्या, भिंतीला हात लावत देवघराच्या शेजारी गेल्या आणि काकांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

“इकडे ये. दिवस माझा नव्हता चुकवलास. ज्यांचा होता त्यांना सांग.”

पन्नाशी उलटलेला मी, फोटोसमोर उभा राहिलो. काका हयात असताना मी त्यांच्याशी क्रिकेटशिवाय काही बोललो नव्हतो. “काका,” मी म्हणालो, “नव्या आवृत्तीत घड्याळाचा...”

“सरळ बोल.”

“काका, मला तपासता आलं असतं. मी तपासलं नाही. आणि खोटं बोललो.”

काकूंनी फोटोला हात जोडले. मग म्हणाल्या, “उद्या अमावस्या आहे. हेही तूच सांगतोयस, म्हणून आधी त्या भाभींकडे जाऊन विचारून ये. मग ऑफिसात कळव, उद्या येत नाही म्हणून. वडे तुला तळायला लागतील. मला तेल दिसत नाही.”

त्यांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटांवर गुरुवारचे फोड होते, एक फुटलेला. चार दिवस मी त्या हातून खिचडी घेतली होती, पाणी घेतलं होतं, आणि पाहिलं नव्हतं.

मी चपला घालून भाभींच्या दाराशी गेलो आणि बेल वाजवली.