तक्त्यातली खालची ओळ

ऑफिसात त्याला सगळे दुबार म्हणत. वेबपानाचा एक नियम तो कायम दोनदा लिहायचा. स्क्रीन बारीक ठिपक्यांची असेल तर मोठं, स्वच्छ चित्र दाखव, एवढंच तो नियम सांगतो. पण जुन्या ब्राउझरला त्याची नवी भाषा कळत नाही, म्हणून त्याच्याखाली तेच पुन्हा जुन्या भाषेत. अठरा वर्षं पानं लिहून माणूस पिळून निघाला होता. चहा आला तरी मान टाकून बसलेला असायचा.

एक वहिनी सोडली तर त्याचं मागेपुढे कोणी नव्हतं. भाऊ गेल्यावर तिनेच शिवणकाम करून याला वाढवलं. वय झालं तरी मशीन सोडलं नव्हतं. मध्यंतरी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या पानावर अक्षरांचा तक्ता होता. दर रविवारी तो घरीच वाचून पेशंटने डोळा तपासायचा. खालची ओळ दिसली तर शिवण चालू, नाही तर बंद, असं वहिनीने परस्पर ठरवून टाकलं होतं. ते पान आमच्याच ऑफिसने बनवलेलं.

पानाची साफसफाई निघाली तेव्हा मीच त्याच्या मागे लागलो. जुने ब्राउझरवाले शंभरात दोन, त्यांच्यासाठी किती उरस्फोड करायची, म्हटलं. एरवी तासभर हुज्जत घालणारा हा बाबा त्या दिवशी फक्त "बरं" म्हणाला आणि स्वतःच्या हाताने नियमाची ती जुन्या भाषेतली ओळ पुसून मोकळा झाला. मला जिंकल्यासारखं वाटलं. आता लाज वाटते.

पुढचं त्यानेच मला सांगितलं, ती ओळ परत घालता घालता. दोन आठवड्यांनी तो वहिनीकडे गेला, तर खिडकीजवळची जागा रिकामी. मशीन तिने शेजारणीला देऊन टाकलं होतं. दोन रविवार तक्ता धूसर दिसतोय, डोळा पुन्हा गेला, कुणाला सांगून काय उपयोग, म्हणाली. तिचा फोन त्याचाच जुना, त्याने दिलेला, त्यातला ब्राउझरही जुनाच. तो उघडून पाहिला तर तक्ता त्यालाही धूसरच दिसला. मग त्याने स्वतःचा नवा फोन तिच्यासमोर धरला. खालची ओळ तिने न अडखळता वाचली.

मशीन परत आणता आलं असतं, पण आधी तिला खरं सांगणं भाग होतं.

"डोळा धड आहे तुमचा. काम मी बिघडवलंय," तो म्हणाला आणि पुसलेल्या ओळीचं सगळं सांगून टाकलं.

वहिनीने विचारलं, "इतकी वर्षं लिहीत होतास ना? मग आत्ताच का पुसलीस?"

"कंटाळा आला होता, वहिनी."

"मलाही यायचा रे," ती म्हणाली. "पण तुझी शाळा असायची."